परड्यातल्या लाल मुंग्या : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

वळवाचे दोन-तीन पाऊस पडून गेले की या सदराकडे मुंग्यांविषयीची पत्रे येऊ लागतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. चारही पत्रांत ‘लाल मुंगी’ हाच शब्द आहे. मात्र त्या एका शब्दाखाली निरनिराळे जीव आहेत आणि एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, हे उत्तरे वाचताना ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आमचे घर बेळगावात अनगोळ भागात असून घरामागे सुमारे दोन गुंठ्यांचे परडे आहे. त्यात दोन नारळ, एक पेरू, जास्वंद, कढीलिंब आणि थोडी भाजी आहे. गेल्या दोन वर्षांपासून जमिनीत बारीक लाल मुंग्यांनी ठाण मांडले असून अनवाणी पाऊल टाकण्याची सोय राहिलेली नाही. उघड्या उन्हाच्या जागी भुसभुशीत मातीचे ढीग दिसतात, एकाच वारुळात लहानमोठ्या मुंग्या असतात आणि काहींचे डोके फारच मोठे असते. चावल्यावर आग होते आणि दुसऱ्या दिवशी बारीक फोड येतो. दुकानातून कागदाच्या पुडीत मिळालेली पांढरी पावडर दोनदा टाकली. आठवडाभर बरे वाटले, पण पुढे एका वारुळाची तीन झाली. हळद, हिंग, राख, लवंग यांचा काही उपयोग होतो का? मुळासकट नायनाट करणारा उपाय सांगावा.

उत्तर : आपण दिलेल्या खुणा, म्हणजे उघड्या उन्हाच्या जागी भुसभुशीत मातीचा ढीग, एकाच वारुळात लहानमोठ्या आकाराच्या मुंग्या, काहींचे डोके शरीराच्या मानाने फारच मोठे आणि दंशानंतर येणारा फोड, या पाहता ही ‘सोलेनोप्सिस जेमिनाटा’ या शास्त्रीय नावाची मुंगी असावी. तिची लांबी साधारण तीन ते सहा मिलिमीटर असते. ती ‘चावते’ असे आपण म्हणतो ते अर्धेच खरे आहे. ती तोंडाने कातडी पकडते ती केवळ पाय रोवण्यापुरती. आग होते ती पोट वाकवून शेपटाकडची नांगी टोचल्यामुळे. धरलेले न सोडता ती जागा बदलून पुन्हा पुन्हा टोचू शकते, म्हणून एकाच मुंगीचे दंश पुष्कळदा जवळजवळ उमटलेले दिसतात. मोठ्या डोक्याच्या मुंग्यांचे काम निराळेच असते. त्या गोळा केलेले बी दाढांनी फोडतात. वाफ्यात टोमॅटोचे किंवा मिरचीचे बी टाकावे आणि ते उगवूच नये, असे घडले असल्यास बियाणे विकणाऱ्याला दोष देण्याआधी मुंग्यांची रांग कोठे जाते ते पाहावे.

ही मुंगी मूळची आपल्याकडची नाही. ती मध्य अमेरिकेकडची आहे. सोळाव्या शतकात मेक्सिकोच्या किनाऱ्यावरील आकापुल्को बंदरातून फिलिपिन्समधील मनिलाकडे ये-जा करणाऱ्या स्पॅनिश गलबतांतून, बहुधा तळाशी भार म्हणून भरलेल्या मातीतून, ती आशियात आली आणि तेथून पुढे पसरली, असे तिच्या वंशाच्या जनुकीय अभ्यासातून दिसून आले आहे. बेळगाव तालुक्याचा बटाटा, निपाणीची तंबाखू, खानापूर-चंदगडचा काजू आणि आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरातली मिरची हे सारे त्याच खंडातून आलेले पाहुणे आहेत. त्यांना आपण घरचे करून घेतले. हिने मात्र विचारण्याची वाट पाहिली नाही.

आता पावडरीविषयी. एका वारुळाची तीन होणे हा योगायोग नव्हे. वारुळाबाहेर दिसणाऱ्या मुंग्या हा त्या कुटुंबाचा लहानसा भाग असतो. राणी, अंडी आणि अळ्या जमिनीखाली असतात, आणि या जातीत एका वारुळात कधी एक तर कधी अनेक राण्या नांदतात. वरून टाकलेल्या भुकटीने फिरत्या मुंग्या मरतात, आतल्या सावध होतात आणि अळ्या तोंडात धरून चार-सहा हातांवर नवे बिऱ्हाड थाटतात. राणी मेल्याशिवाय वारूळ मरत नाही. उपाय कोणताही करा, कसोटी हीच लावावी.

शिवाय कागदाच्या पुडीतून मिळालेली, नाव नसलेली पावडर घरच्या परड्यात टाकणे मला अजिबात मान्य नाही. आपल्या वडिलांच्या पिढीत सर्रास वापरली जाणारी बीएचसी भुकटी, जिला लोक ‘गॅमॅक्झीन’ म्हणत, १९९७ पासून भारतात बंद आहे. मेथिल पॅराथिऑनच्या भुकटीवर २०१८ मध्ये बंदी आली. उसात टाकले जाणारे फोरेट, ज्याला शेतकरी अजून ‘थायमेट’ म्हणूनच ओळखतात, २०२० अखेर बंद झाले. यांपैकी काही जुना साठा कोणाच्या तरी माळ्यावर असतो आणि तो पुड्या होऊन फिरतो. ज्या मातीत आपण कोथिंबीर पेरतो आणि जेथे मूल उघड्या पायांनी खेळते, तेथे काय पडले हे ठाऊक असलेच पाहिजे. औषध घ्यायचेच झाले तर वेष्टनावर नाव, मात्रा आणि विषाचा त्रिकोण पाहून घ्यावे. लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा.

वारुळे थोडी असतील आणि झाडांच्या मुळांपासून दूर असतील, तर उकळते पाणी हा साधा आणि निर्विष उपाय आहे. तो बहुतेकांनी करून पाहिलेला असतो आणि बहुतेकांचा फसलेला असतो, कारण पाणी तांब्याभर ओतलेले असते आणि तेही भर दुपारी. दुपारी माती तापली की राणी आणि अळ्या खोल जातात. थंडीच्या दिवसांत किंवा रात्री गारवा असताना, सकाळी ऊन वर येऊन ढिगाचा माथा कोमट झाला की त्या वरच्या थरात येतात. ती वेळ साधावी. एका वारुळाला दहा-बारा लिटर, म्हणजे एक मोठी बादली, उकळते पाणी लागते. आधी काठीने ढोसू नये. ढिगाच्या कडेपासून सुरुवात करून मध्याकडे सावकाश ओतावे, म्हणजे बाहेर पळण्याच्या वाटा आधी बंद होतात. तीन-चार दिवसांनी पाहून गरज असल्यास पुन्हा करावे. एवढे करूनही प्रत्येक वारूळ मरेलच असे नाही. निम्म्याहून अधिक मेली तरी समाधान मानावे आणि उरलेल्यांसाठी पुढील उपाय करावा. पायांत गमबूट असावेत आणि मुले घरात असावीत. उकळत्या पाण्याने भाजणे हे मुंगीच्या दंशापेक्षा कितीतरी वाईट.

‘वारूळ’ या शब्दामुळे घरातील वडीलधारी मंडळी पाणी ओतू देत नाहीत, अशी अडचण काही घरांत येते. नागपंचमीला आपण ज्या उंच, टणक वारुळाची पूजा करतो ते वाळवीचे काम असते. हा मोकळ्या मातीचा ढीग त्या प्रकारचा नव्हे. मुंग्यांना साखर-पीठ घालण्याचा नेम असल्यास तो मोडावा असेही मी म्हणणार नाही. तो परड्याबाहेर, रस्त्याकडेच्या झाडाखाली पाळावा, एवढेच सुचवतो.

दुसरा, आणि माझ्या मते खरा, उपाय आमिषाचा. मुंगीला तिथल्या तिथे मारणारे विष येथे उपयोगाचे नाही. ते इतके सौम्य हवे की तिने ते पोटात साठवून घरी न्यावे, बहिणींना भरवावे आणि ते राणीपर्यंत पोहोचावे. यासाठी बोरिक ॲसिड चांगले. औषधाच्या दुकानात ते पांढऱ्या भुकटीच्या रूपात मिळते आणि कॅरमच्या बोर्डावर टाकायची पावडर म्हणून ते पुष्कळांच्या परिचयाचे आहे. एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम साखर आणि १० ग्रॅम बोरिक ॲसिड पूर्ण विरघळवावे. ‘जास्त टाकले तर लवकर मरतील’ या विचाराने प्रमाण वाढवू नये. प्रमाण वाढले की मुंगी तोंड फिरवते किंवा वाटेतच मरते आणि राणी सुखरूप राहते. वजन अंदाजाने न घेता काट्यावर करावे. या पाण्यात कापसाचे बोळे भिजवून ते बाटल्यांच्या झाकणांत ठेवावेत आणि झाकणे वारुळावर नव्हे, तर वारुळापासून हात-दीड हातावर, मुंग्यांच्या वाटेवर मांडावीत.

मात्र या जातीला गोडापेक्षा तेलकट खाणे अनेकदा अधिक आवडते. म्हणून आधी एक संध्याकाळ परीक्षेची ठेवावी. एका पानावर साखरेचे पाणी आणि दुसऱ्यावर भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट ठेवून अर्ध्या तासाने गर्दी कोठे आहे ते पाहावे. गर्दी कुटावर असेल तर १०० ग्रॅम कुटात दोन ग्रॅम बोरिक ॲसिड आणि चमचाभर शेंगतेल कालवून तेच आमिष करावे. प्रौढ मुंगीला घन अन्न गिळता येत नाही. ती तेल चोखते आणि घन कण अळ्यांपुढे टाकते. अळ्या ते पचवून पातळ करून परत देतात. याच कारणामुळे ‘रवा खाऊन मुंग्या फुगून फुटतात’ हा सध्या मोबाइलवरून फिरणारा उपाय निव्वळ भाकड आहे. तुमचा रवा त्या आनंदाने नेतील आणि अळ्यांना घालतील.

आमिष कोरड्या दिवशी, सूर्य कलल्यावर मांडावे. पाऊस येणार असेल तर व्यर्थ. बेळगावात जून ते सप्टेंबर हा उपाय फारसा चालणार नाही. ऑक्टोबरच्या उघडिपीनंतर किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये करावा. दोन-तीन आठवडे झाकणे भरत राहावीत. पहिल्या दिवशी मुंग्या वाढलेल्या दिसतील. त्यामुळे घाबरून त्यांवर फवारा मारू नये. बोरिक ॲसिड माणसाला आणि कुत्र्या-मांजरालाही पोटात गेल्यास अपायकारक आहे. म्हणून झाकणांवर छिद्रे पाडलेला उलटा डबा दगडाने दाबून ठेवावा, उरलेल्या बाटलीवर ‘विष’ असे लिहावे आणि उरलेले पाणी झाडाच्या बुडात ओतू नये, कारण मातीत बोरॉन जास्त झाला की पाने कडांनी करपतात.

एवढे करूनही पुढच्या वर्षी शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधून नवी राणी येणारच. म्हणून तिला आपले परडे आवडू नये असे करावे. पत्रात आपण जास्वंद आणि पेरू यांचा उल्लेख केला आहे. त्यांच्या शेंड्यांवर आणि पानांच्या मागे पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण किंवा हिरवा-काळा मावा आहे का, ते पाहावे, बहुधा असेल. हे किडे गोड चिकटा सोडतात, मुंग्या तो पितात आणि मोबदल्यात त्यांना ढालकिड्यांसारख्या शत्रूंपासून राखतात. चिकटा बंद झाला की परड्यातील मुंग्यांचा अर्धा शिधा बंद होतो. किडलेले शेंडे छाटून जाळावेत, बाकीच्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा आणि आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा निंबोळी तेलाचे साबणमिश्रित पाणी मारावे. जमीन सुकी आणि उघडी ठेवू नये. नारळाची झावळी किंवा पालापाचोळा पसरून ती झाकावी, कारण या मुंगीला उन्हात तापणारी मोकळी माती लागते.

हळद, हिंग, राख, लवंग यांविषयीही आपण विचारले आहे. यांनी मुंग्यांची वाट बदलते, वारूळ मरत नाही. ओट्यावर हिंगाची रेघ ओढणे ठीक. परड्यात तिचा उपयोग पहिल्या पावसापर्यंत. रॉकेल किंवा पेट्रोल ओतण्याचा मोह तर मुळीच करू नये. तरुणपणी मी स्वतः एका वारुळात घासलेट ओतले होते. मुंग्या दोन हात सरकल्या आणि शेजारचे पायरीचे कलम मात्र वाळून गेले.

दंशाविषयी थोडे. मुंग्या अंगावर चढल्यास पाणी न ओतता हाताने किंवा कापडाने झटकून काढाव्यात. पाण्याने त्या अधिक घट्ट धरतात. मग साबणाने धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवावी. या मुंगीच्या विषाचा मुख्य भाग आम्ल नसून अल्कलॉइड प्रकारच्या द्रव्यांचा असतो. म्हणून चुना किंवा सोडा लावून ते ‘मारता’ येत नाही, चुन्याने उलट कातडी भाजते. फोड फोडू नये, तो आपोआप सुकतो. मात्र दंशानंतर काही मिनिटांत अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, दम लागला, चक्कर आली, तर घरगुती उपायांत एक क्षणही न घालवता रुग्णालय गाठावे. अशा वेळी ॲड्रिनॅलिनच्या इंजेक्शनची गरज असते आणि ते घरी नसते.

प्रश्न : आमची खानापूर तालुक्यात जांबोटी रस्त्याला आंबा आणि काजूची बाग आहे. झाडांवर पाने चिकटवून केलेली फुटबॉलएवढी घरटी असून त्यांत मोठ्या लाल मुंग्या आहेत. काजू वेचायला आणि आंबे उतरवायला माणसे तयार होत नाहीत. वडील म्हणतात, या मुंग्यांना हात लावू नका. धाकटा भाऊ औषध फवारा म्हणतो. कोणाचे ऐकावे?

उत्तर : वडिलांचे, पण सगळेच नव्हे.

ही मुंगी वरच्या उत्तरातील मुंगीची नातलग म्हणावी इतकीही जवळची नाही. हिचे शास्त्रीय नाव ‘ईकोफिला स्मॅराग्डिना’. आपल्याकडून घाट उतरून गोव्यात गेले की हिला ‘हुमले’ म्हणतात. हिला उपयोगी पडेल अशी नांगी नसते. ती जबड्याने चावते आणि जखमेत पोटाकडून फॉर्मिक आम्ल उडवते. त्यामुळे क्षणभर जीव कळवळतो, पण फोड सहसा येत नाही आणि तासाभरात वेदना ओसरते.

घरटे बांधण्याची तिची रीत एकदा बसून पाहण्यासारखी आहे. कामकरी मुंग्या एकमेकींची कंबर धरून साखळी करतात आणि दोन पाने कडेला कडा लावून ओढून आणतात. मग इतर मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून विणकराच्या धोट्यासारख्या या पानावरून त्या पानावर फिरवतात आणि अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने शिवण घातली जाते. एका कुटुंबाची अशी शंभराहून अधिक घरटी डझनभर झाडांवर पसरलेली असू शकतात, आणि त्या साऱ्यांत राणी सहसा एकच. म्हणून दिसेल ते घरटे जाळत सुटल्याने फारसे काही साधत नाही.

आता त्यांचा उपयोग. चीनमध्ये इसवी सन ३०४ च्या सुमाराच्या एका ग्रंथात लिंबूवर्गीय बागांसाठी या मुंग्यांची घरटी पिशव्यांतून बाजारात विकली जात असल्याची नोंद आहे. किडीवर किडा सोडून पीक राखण्याची ही जगातील सर्वांत जुनी लेखी नोंद मानली जाते. काजूला नव्या पालवीवर आणि मोहोरावर सोंड खुपसणारा ढेकण्या, ज्याच्यामुळे मोहोर करपल्यासारखा काळा पडतो, त्याला या मुंग्या चांगला पायबंद घालतात. आपल्या बागेत मुंग्या असलेल्या आणि नसलेल्या काजूच्या झाडांचा मोहोर यंदा शेजारी ठेवून पाहावा. भावाला पटवण्यासाठी माझ्या उत्तरापेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

दुसरी बाजूही सांगायला हवी. याच मुंग्या आंब्यावरील पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पाळतात, आणि त्यांच्या चिकट्यावर काळी बुरशी चढून पाने-फळे काजळतात. म्हणून माझा सल्ला असा, की काजूवर त्यांना राहू द्यावे आणि घराजवळच्या, रोज हात लावाव्या लागणाऱ्या आंब्यावरून हटवावे.

हटवण्यासाठी फवारणीची गरज नाही. आधी त्या झाडाच्या शेजारच्या झाडांना, भिंतीला, विजेच्या किंवा कपड्यांच्या तारेला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, कारण हे त्यांचे पूल असतात आणि एकही पूल शिल्लक राहिला तर पुढची सारी मेहनत वाया जाते. तारेजवळची छाटणी मात्र वीज बंद करवूनच करावी. नंतर सूर्यास्तानंतर, बहुतेक मुंग्या घरट्यात परतल्यावर, जाड प्लॅस्टिकची पिशवी घरट्यावर चढवून डहाळीसह कापावी, तोंड घट्ट बांधावे आणि ती साबणाच्या पाण्याच्या पिंपात बुडवावी. सगळी घरटी काढून झाली की बुंध्याभोवती ताडपत्रीची वीतभर रुंद पट्टी घट्ट गुंडाळून तीवर ग्रीस लावावे. ग्रीस थेट सालीला लावू नये, साल कुजते. पट्टीवर धूळ आणि मेलेल्या मुंग्या साचून पूल होतो, म्हणून पंधरा दिवसांनी नवा हात फिरवावा आणि पावसाळ्याआधी पट्टी काढून टाकावी.

ज्या झाडांवर मुंग्या ठेवायच्या, त्यांची फळे उतरवताना झेला, म्हणजे टोकाला जाळी लावलेली लांब काठी, वापरावा. गडी झाडावर चढणारच असेल तर त्याने हातापायांना कोरडी राख चोळून चढावे आणि ज्या फांदीवर बसायचे तिच्या बुडाशी मूठभर राख टाकावी. राखेच्या कणांवर त्यांची पकड बसत नाही. काजू तर खाली पडलेलाच वेचायचा असतो. तेव्हा वेचणाऱ्या बायकांना त्रास होतो तो खाली लोंबणाऱ्या फांद्यांचा. तेवढ्या माणसाच्या उंचीपर्यंत छाटल्या तरी अर्धे गाऱ्हाणे मिटेल.

मोहोराच्या काळात फवारणी केल्यास मुंग्यांबरोबर मधमाश्याही मरतील आणि ढेकण्या मात्र पुन्हा येईल. ही गोष्ट भावाला स्वतंत्रपणे सांगावी.

जाता जाता एक सावधगिरी. जुन्या, पोखरलेल्या काजूच्या खोडावर डोके काळे, मधला भाग तांबूस आणि पोट काळे अशी लांबट, एकेकटी फिरणारी मुंगी दिसेल. तिची लांबी सेंटिमीटरहून थोडी अधिक असते आणि तिच्या नांगीचा डंख या दोघींपेक्षाही जबर असतो. ती वाळलेल्या लाकडात राहते, त्यामुळे वठलेल्या फांद्या वेळेवर काढणे हाच तिच्यावरचा उपाय.

प्रश्न : आम्ही निपाणीजवळ राहतो. आमच्याकडे तंबाखूचा चुरा फुकट मिळतो. तो उकळून काढा मुंग्यांवर आणि भाजीवर मारला तर चालेल का? नैसर्गिक असल्याने धोका नसेल ना?

उत्तर : भाजीवर मुळीच मारू नये. निकोटीन वनस्पतीतून येते हे खरे, पण ते जहाल विष आहे आणि कातडीतूनही अंगात भिनते. ओली पाने खुडणाऱ्या मजुरांना मळमळ आणि चक्कर का येते, हे निपाणीकरांना मी सांगायला नको. निकोटीन सल्फेट हे कीटकनाशक भारतात वापरासाठी बंद आहे आणि फक्त निर्यातीसाठी तयार करण्याची मुभा आहे. घरच्या पातेल्यातील काढ्यात ते किती उतरले हे मोजण्याचे साधन आपल्याजवळ नसते. शिवाय तंबाखूवरील केवडा रोगाचा विषाणू वाळलेल्या पानांतही तग धरतो आणि हातांवाटे किंवा चुऱ्यावाटे टोमॅटो-मिरचीला लागू शकतो. तंबाखू हाताळून आलेल्या माणसाने साबणाने हात धुतल्याशिवाय रोपांना शिवू नये असे म्हणतात ते यासाठीच. मुंग्यांपुरते बोलायचे तर काढ्याने वरच्या मुंग्या मरतील आणि अनगोळच्या वाचकांना आला तोच अनुभव आपल्यालाही येईल.

सल्ला हवा असल्यास कृषी खात्याच्या जवळच्या रयत संपर्क केंद्रात जाताना आठ-दहा मुंग्या झाकणाच्या बाटलीत घालून न्याव्यात. मराठीतील ‘लाल मुंगी’प्रमाणेच कन्नडमधील ‘केंपु इरुवे’ हा शब्दही साऱ्या लाल मुंग्यांना एकच आहे, त्यामुळे तोंडी वर्णनावरून अधिकाऱ्यालाही अंदाजच करावा लागतो.

प्रश्न : संकेश्वरला आमच्या गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत. त्यांपैकी सात-आठ कुंड्यांत लाल मुंग्यांनी घर केले आहे. रोपांच्या ट्रेमधले बीही त्या नेतात. कुंडीत आमिष ठेवायचे नसेल तर काय करावे?

उत्तर : मुंग्या कुंडीत शिरतात तेव्हा बहुधा त्या कुंडीची माती मधोमध कोरडी पडलेली असते आणि वरून घातलेले पाणी कडेने निथळून जात असते. कुंडी उचलून काठाच्या दोन बोटे वर येईल इतक्या पाण्याच्या टबात बुडवावी आणि अर्धा तास ठेवावी. मुंग्या अंडी-अळ्या तोंडात धरून वर येतील, एकमेकींना धरून पाण्यावर तरंगतीलही. पाण्यात आधीच धुण्याच्या पावडरीऐवजी भांड्यांच्या साबणाचे चार-पाच थेंब टाकले असतील तर तरंगता येत नाही आणि रोपालाही सहसा अपाय होत नाही. ही आंघोळ चार दिवसांनी पुन्हा द्यावी. तरीही मुंग्या राहिल्या तर कुंडी पालथी करून मुळांवर पांढरा पिठ्या ढेकूण आहे का ते पाहावे, मुळे धुवावीत आणि नव्या मातीत रोप लावावे.

बियांच्या ट्रेसाठी आजीच्या दुभत्याच्या कपाटाची आठवण काढावी. चार पायांच्या घडवंचीवर ट्रे ठेवून प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत उभा करावा आणि पाण्यात साबणाचा थेंब टाकावा. घडवंची भिंतीला किंवा दुसऱ्या कुंडीच्या पानाला टेकलेली नसावी. वाटीतले पाणी दर चार-पाच दिवसांनी बदलावे, नाहीतर पुढचे पत्र डासांविषयी येईल.